सनद मुंबईची, सीट लंडनची: ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टच्या अर्जाचे एक प्रकरण

उमेदवार पुण्याची. पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून पाच वर्षांचे बीए एलएलबी, एकूण ५९ टक्के, वर्गात तिसरी. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद हातात, ऑल इंडिया बार परीक्षा पास, मुंबईत फोर्टमधल्या एका कॉर्पोरेट फर्ममध्ये १४ महिने ज्युनिअर असोसिएट. सप्टेंबर २०२३ मध्ये एक वर्षाच्या एलएलएमसाठी ती लंडनला गेली, मनात एकच गोष्ट धरून: तिथल्या कमर्शियल फर्ममध्ये, म्हणजे कंपन्यांची कामे करणाऱ्या वकिली संस्थेत, ट्रेनी सॉलिसिटर व्हायचे. पहिल्या हंगामात २३ अर्ज केले, एकही लागला नाही. दुसऱ्या हंगामात ८ केले आणि जून २०२५ मध्ये ऑफर आली.

हे एका व्यक्तीचे चरित्र नाही. भारतातून जाणाऱ्या उमेदवारांच्या अर्जांत ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात, त्या एकत्र करून उभे केलेले हे नमुना-प्रकरण आहे. म्हणून अर्जांचे आणि गुणांचे आकडे नमुन्याचे. नियम, फी आणि कायदे मात्र जसे आहेत तसे.

ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट म्हणजे काय, ते थोडक्यात. इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर होण्यासाठी चार गोष्टी लागतात: पदवी (कुठल्याही विषयाची चालते), सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन म्हणजे एसक्यूई या परीक्षेचे दोन्ही टप्पे (एसक्यूई १ आणि २), दोन वर्षांचा पात्र कामाचा अनुभव, आणि चारित्र्य-योग्यतेची तपासणी. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीने, म्हणजे एसआरएने, ही पद्धत १ सप्टेंबर २०२१ पासून आणली. कमर्शियल फर्म ही दोन वर्षे पगारी नोकरीत देते, बहुधा सहा-सहा महिन्यांच्या चार ‘सीट’मध्ये: कॉर्पोरेट, बँकिंग, वाद-तंटे, रिअल इस्टेट अशा विभागांतून फिरवत. मोठ्या फर्म्स एसक्यूईची फी आणि कोर्सही भरतात. भरती मात्र कामाच्या सुमारे दोन वर्षे आधी होते. बाहेरून आलेल्यांना हे गणित फार उशिरा कळते.

सनद आहे, मग ट्रेनिंग कशाला?

हा प्रश्न तिला घरच्यांनी विचारला आणि पुढे फर्मच्या एका पार्टनरने, म्हणजे भागीदार वकिलानेही. प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या देशात वकील म्हणून पात्र असलेल्याला एसआरए दोन वर्षांच्या अनुभवाची अट लावत नाही. सनद असलेल्या भारतीय वकिलाने एसक्यूई १ आणि २ पास केल्या की चारित्र्याच्या तपासणीनंतर तो सॉलिसिटर म्हणून नोंदला जाऊ शकतो. एसक्यूई २ मधून सूट मिळावी म्हणून वैयक्तिक अर्जही करता येतो. परीक्षेची फी सप्टेंबर २०२४ पासून एसक्यूई १ साठी १,८८८ पौंड आणि एसक्यूई २ साठी २,९०२ पौंड होती, मिळून ४,७९०. क्लासचा खर्च वेगळा.

हा रस्ता सरळ दिसतो, पण तो नोंदणीपर्यंतच जातो. नव्याने पात्र झालेल्या सॉलिसिटरच्या जागा कमर्शियल फर्म्स आधी आपल्याच ट्रेनींमधून भरतात. इंग्लिश कायद्याचा एक दिवसाचाही सराव नसलेला, पण कागदोपत्री सॉलिसिटर असलेला माणूस त्या रांगेत मागे पडतो. शिवाय एकदा सॉलिसिटर झाल्यावर ट्रेनी म्हणून अर्ज करायला कारण उरत नाही. दहा वर्षांचा अनुभव असलेल्या, एखाद्या क्षेत्रात नाव असलेल्या वकिलासाठी हा मार्ग उत्तम. १४ महिन्यांच्या ज्युनिअरसाठी तो घाईचा. तिने ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टचाच हट्ट धरला, आणि आमच्या मते ते बरोबर होते.

मुंबईचे १४ महिने त्या दोन वर्षांत मोजता येतील का, याची चौकशी तिने केली. परदेशातले कामही चालते, पण इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरने ते तपासून दुजोरा द्यावा लागतो. तिच्या मुंबईच्या फर्ममध्ये असा कोणी नव्हता. विषय तिथेच संपला.

पहिला हंगाम: २३ अर्ज

एलएलएमचे विद्यार्थी सप्टेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये उतरतात. खोली, बँक खाते, ओळखपत्र यांत ऑक्टोबर जातो. व्हेकेशन स्कीमचे अर्ज तोवर उघडलेले असतात आणि बऱ्याच ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. व्हेकेशन स्कीम म्हणजे फर्ममध्ये एक ते तीन आठवड्यांचे पगारी काम. अनेक फर्म्स आपले बहुतेक ट्रेनी यातूनच निवडतात. कित्येक ठिकाणी अर्ज येतील तसे वाचले जातात, त्यामुळे शेवटच्या रात्री पाठवलेला अर्ज भरत आलेल्या गाडीत चढायला धडपडतो.

तिचे २३ अर्ज नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत गेले. १४ फॉर्मवरच पडले, ६ ऑनलाइन चाचणीत, २ व्हिडिओ मुलाखतीत. एक असेसमेंट सेंटरपर्यंत, म्हणजे केस स्टडी, गटचर्चा अशा शेवटच्या निवड-फेरीपर्यंत पोचला आणि तिथे अडला.

फॉर्मपासून सुरू करू, कारण सगळ्यात मोठी गळती तिथे आहे. नेहमीचे तीन प्रश्न असतात: कमर्शियल कायदा का, हीच फर्म का, आणि अलीकडचा एखादा व्यवहार किंवा व्यवसायातली घडामोड सांगून तिचा फर्मच्या ग्राहकांवर काय परिणाम होईल. प्रत्येकी २५० ते ५०० शब्द. तिच्या पहिल्या हंगामातल्या उत्तराचा मराठीत गोषवारा असा: “मुंबईतील नामांकित फर्ममध्ये काम करताना मला गुंतागुंतीच्या व्यवहारांचा अनुभव मिळाला व कॉर्पोरेट कायद्याची आवड निर्माण झाली. आपल्या फर्मचे आंतरराष्ट्रीय स्वरूप व सहकार्याची संस्कृती मला भावते.” यात चूक एकही नाही आणि माहितीही एकही नाही. फर्मचे नाव बदलून वाचा, उत्तर जसेच्या तसे उभे राहते. २३ पैकी २० अर्जांत ते खरोखरच जसेच्या तसे होते.

नावाचीही गंमत झाली. या काळात लंडनच्या फर्म्सची नावे भराभर बदलत होती. ॲलन अँड ओव्हरी १ मे २०२४ रोजी शर्मन अँड स्टर्लिंगशी विलीन होऊन ए अँड ओ शर्मन झाली. फ्रेशफील्ड्सने त्याच वर्षी नावातले शेवटचे दोन शब्द गाळले. दुसऱ्या हंगामात जुने परिच्छेद चिकटवताना जुने नाव राहून गेले की वाचणाऱ्याला बाकीचे वाचायची गरज उरत नाही.

गुणांचा रकाना हा वेगळा काटा. बहुतेक कमर्शियल फर्म्स ‘टू-वन’ मागतात, म्हणजे तिथला वरचा द्वितीय वर्ग. भारतीय टक्केवारी त्यात कशी बसवायची हे फर्म स्वतः ठरवते, आणि ५९ हा आकडा नुसता पाहिला तर कमी वाटतो. आपल्याकडे विधी शाखेच्या पेपरात साठ ओलांडणे किती अवघड, हे लंडनच्या एचआरला कुठून कळणार? दुसऱ्या हंगामात तिने महाविद्यालयाकडून वर्गातल्या क्रमांकाचे पत्र मागवले, आणि परिस्थिती मांडायच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या: क्रमांक तिसरा, वर्गात किती विद्यार्थी, प्रथम वर्ग किती जणांना. गाऱ्हाण्याचा सूर नको, आकडे पुरतात.

चाचणी: बाहेरचे ज्ञान बाहेरच ठेवा

सहा अर्ज वॉटसन-ग्लेझर या तर्कशक्तीच्या ऑनलाइन चाचणीत गेले. ४० प्रश्न, ३० मिनिटे, पाच भाग: अनुमान, गृहीतक ओळखणे, निगमन, अर्थ लावणे, युक्तिवादाचे वजन. वकिलीचे शिक्षण इथे कधी कधी आडवे येते, कारण वकिलाला प्रत्येक विधानात आणखी काहीतरी दडलेले दिसते.

गृहीतकाचा भाग उदाहरणाने लवकर कळतो. विधान: “पुण्याहून मुंबईला लवकर पोचायचे असेल तर एक्सप्रेसवेने जा.” एक्सप्रेसवेने इतर रस्त्यांपेक्षा कमी वेळ लागतो, हे यात गृहीत धरले आहे. एक्सप्रेसवेवर कधीच कोंडी होत नाही, हे धरलेले नाही. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात दोन तास अडकलेला माणूस पहिल्या विधानालाही हरकत घेईल, आणि नेमका तिथे गुण घालवेल. बोलणाऱ्याने काय धरून चालले आहे एवढेच विचारलेले असते. तो बरोबर आहे का, हे कोणी विचारत नाही.

अनुमानाच्या भागात पाच पर्याय असतात: खरे, बहुधा खरे, माहिती अपुरी, बहुधा खोटे, खोटे. ती ‘माहिती अपुरी’कडे सतत झुकत होती. उताऱ्यात सरळ लिहिलेले किंवा त्यातून अटळपणे निघणारे असेल तर ‘खरे’, कल स्पष्ट पण पुरावा अर्धा असेल तर ‘बहुधा’, आणि उतारा त्या मुद्द्यावर गप्पच असेल तेव्हाच ‘अपुरी’. सरावाच्या दहा-बारा चाचण्या, प्रत्येकीनंतर चुकलेला प्रश्न कोणत्या भागातला याची वहीत नोंद, एवढ्यावर तिचा प्रश्न सुटला.

असेसमेंट सेंटर: चौथ्या पानावरचे उत्तर

फेब्रुवारी २०२४ मधला तो एकमेव असेसमेंट सेंटर. केस स्टडी अशी: ग्राहक एक खाद्यपदार्थ कंपनी, तिला १२ दुकानांची बेकरी साखळी विकत घ्यायची आहे. पंधरा-वीस पानांचा गठ्ठा, एक तास वाचन आणि लेखी सल्ला, मग पार्टनरसमोर दहा मिनिटे.

तिने कायद्याचे मुद्दे धडाधड काढले. शेअर्स घेतले तर कंपनीची जुनी देणी, दावे, करथकबाकी सगळे सोबत येते. मालमत्ता घेतली तर हवे ते निवडता येते, पण दुकानांच्या भाडेपट्ट्यांना घरमालकांची संमती लागेल आणि करार एकेक करून हलवावे लागतील. इथपर्यंत छान. मग तिने लिहिले की मालमत्ता खरेदीत कर्मचारी घ्यायचे की नाही हे खरेदीदार ठरवेल. इंग्लंडमध्ये तसे नाही. २००६ च्या टीयूपीई नियमांनुसार चालता धंदा हस्तांतरित झाला की त्यातले कर्मचारी आपोआप, आहेत त्या अटींवर, नव्या मालकाकडे जातात. शेअर हस्तांतरणाच्या मुद्रांक शुल्कातही तिने भारताचा ०.०१५ टक्के हा दर धरला. तिथे तो ०.५ टक्के आहे. एलएलएममध्ये कोणी हे शिकवत नाही, आणि फर्म्सही ट्रेनी उमेदवाराकडून सगळा इंग्लिश कायदा मागत नाहीत. पण आपल्या कायद्याचे उत्तर त्यांच्या कायद्याच्या नावाने देणे हे अज्ञानापेक्षा वाईट दिसते. “हा मुद्दा मी रोजगार विभागाकडून तपासून घेईन” एवढे म्हटले असते तरी निभावले असते.

खरी पडझड दुसरीकडे झाली. गठ्ठ्यात एक साधे पत्र होते: बेकरीचा सगळ्यात मोठा घाऊक ग्राहक, एक सुपरमार्केट, त्याचा करार पाच महिन्यांत संपतो आहे. ते तिला सापडले. तिने ते चौथ्या पानावर, भाडेपट्ट्यांच्या खाली लिहिले. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र तो पहिला मुद्दा होता, कारण तो करार गेला तर मागितलेली किंमतच चुकीची ठरते. पार्टनरने विचारले, “मग घ्यावी की नाही?” तिने दोन्ही बाजू पुन्हा मांडल्या. आपल्याकडे परीक्षेत दोन्ही बाजू मांडल्या की गुण मिळतात. ग्राहक मात्र सल्ल्याचे पैसे मोजतो. “किंमत कमी करून, किंवा सुपरमार्केटशी करार वाढवणे ही पैसे देण्याआधीची अट घालून घ्यावी, शेअर्स घेतल्यास जुन्या देण्यांसाठी किमतीचा काही भाग राखून ठेवावा,” असे तीन ओळींत सांगता आले असते. बाकीची चार पाने त्याच्या मागे पुरवणी म्हणून.

गटचर्चेत ती नम्रपणे गप्प राहिली, हेही नोंदवलेले होते. आणि पार्टनरला दर वाक्यात ‘सर’ म्हणणे. लंडनच्या फर्ममध्ये पहिल्या नावाने हाक मारतात; ‘सर’ने कोणी रागावत नाही, पण उमेदवार अजून विद्यार्थी आहे असे वाटत राहते.

दुसरा हंगाम: मुंबईचे काम बाहेर काढले

ऑक्टोबर २०२४ पासूनचे ८ अर्ज. ४ फॉर्मवर गेले, १ चाचणीत, १ व्हिडिओत. २ असेसमेंट सेंटर, त्यांतल्या एकातून दोन आठवड्यांची स्प्रिंग व्हेकेशन स्कीम. बदल एकाच ठिकाणी झाला होता. मुंबईतले काम ती आजवर ‘परदेशी अनुभव’ म्हणून एका ओळीत उरकत होती, जणू ते इथे चालणारे नाणे नाही. तेच तिचे भांडवल होते.

नवा परिच्छेद, पुन्हा गोषवारा: “एका ब्रिटिश खरेदीदाराने चाकणजवळची वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी घेतली. विक्रेत्याचे १४० करार मी तपासले. ९ करारांत मालकी बदलल्यास समोरच्याची संमती आवश्यक होती, आणि त्यांतले दोन सर्वांत मोठ्या ग्राहकांचे होते. मी तक्ता करार-क्रमाने न लावता उलाढालीच्या क्रमाने लावला. त्यामुळे त्या दोन संमती ही पैसे देण्याआधीची अट झाली, उरलेल्या सात नंतर घ्यायच्या ठरल्या. व्यवहार पूर्ण झाल्यावर परदेशी खरेदीदारासाठी लागणारा एफसी-टीआरएस फॉर्म ६० दिवसांच्या मुदतीत भरण्याचे वेळापत्रक मी सांभाळले.”

यात विशेषण नाही. काय केले, का केले, त्याने ग्राहकाचे काय वाचले, हे वाचणाऱ्याला दिसते. खरेदीदाराचे नाव कुठेही नाही, आणि ते नसलेच पाहिजे. ग्राहकाचे नाव फॉर्मवर उघड करणारा उमेदवार गोपनीयता पाळणार नाही असे फर्म धरून चालते, आणि तो अर्ज तिथेच संपतो. चालू किंवा अघोषित व्यवहार असेल तर ठिकाण आणि उद्योगही धूसर करावा.

‘हीच फर्म का’ याला तिने फर्मच्या दोन जाहीर व्यवहारांपासून सुरुवात केली: त्यांत फर्म कोणाच्या बाजूने होती, तिचा कोणता विभाग होता, आणि आपण चाकणच्या व्यवहारात केलेले काम त्यात कुठे बसते. एका फर्मसाठी असे लिहायला दोन दिवस लागतात. म्हणूनच अर्ज ८.

मुलाखतीत अपेक्षित प्रश्न आला: आमच्या फर्मचे भारतात ऑफिस का नाही? भारतीय उमेदवाराला हा प्रश्न येणारच, आणि उत्तराचा धागा मुंबईतून जातो. तीन परदेशी फर्म्सच्या लायझन (संपर्क) ऑफिसांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये म्हटले की कोर्टाबाहेरचा सल्लाही वकिली व्यवसायच आहे आणि त्यालाही ॲडव्होकेट्स ॲक्ट लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये तीच भूमिका घेतली, मात्र परदेशी कायद्यावर सल्ला द्यायला अधूनमधून येऊन जायला मोकळीक ठेवली. मार्च २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कोर्टाबाहेरच्या कामापुरते, परस्परतेच्या (त्या देशानेही भारतीय वकिलांना तशीच मुभा द्यावी या) अटीवर परदेशी फर्म्सना दार उघडणारे नियम काढले. (त्यांत मे २०२५ मध्ये दुरुस्त्या झाल्या, पण तोवर तिची मुलाखत झाली होती.) तिने हे दीड मिनिटात सांगून पुढे जोडले: म्हणून तुमचे भारताचे काम लंडन आणि सिंगापूरहून भारतीय फर्म्सच्या साथीने चालते, आणि त्या साथीच्या टोकाला मी १४ महिने बसलेली आहे. ‘सनद असताना ट्रेनी का’ या प्रश्नाचे उत्तरही इथेच देऊन झाले.

स्कीमच्या दोन आठवड्यांत तिने एक सवय लावून घेतली. काम हातात आले की तीन गोष्टी विचारायच्या: हे कोण वाचणार, कधी हवे, आणि यावर किती वेळ घालवू. फर्ममध्ये वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत नोंदला जातो आणि बहुतेक वेळा ग्राहकाला लावला जातो. अर्ध्या पानाची टिपण मागितली असता नऊ पानांचा निबंध देणारा हुशार विद्यार्थी ठरतो, ट्रेनी ठरत नाही.

व्हिसाचे कॅलेंडर

ऑफर जून २०२५ ची, रुजू व्हायचे सप्टेंबर २०२७ ला. एलएलएमनंतरचा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा तिला नोव्हेंबर २०२४ मध्ये मिळाला, तो नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतो. मध्ये दहा महिने रिकामे. फर्मला हे तिने ऑफर स्वीकारतानाच लिहून कळवले.

नोव्हेंबर २०२६ पर्यंत ती लंडनमध्ये पॅरालीगल, म्हणजे सॉलिसिटरांच्या हाताखालची साहाय्यक. अशा पूर्ण वेळ पगारी नोकरीसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ लागू होतो: ज्या राज्य बार कौन्सिलच्या यादीत नाव आहे तिला कळवायचे आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. पुष्कळ जण हे पत्र पाठवतच नाहीत. एसआरएच्या चारित्र्य-तपासणीत दुसऱ्या देशातल्या नियामकाशी असलेले संबंधही पाहिले जातात, तेव्हा तो आळस महागात पडू शकतो.

मग पुण्याला परत. एसक्यूई १ म्हणजे १८०-१८० बहुपर्यायी प्रश्नांचे दोन पेपर. ते पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या भारतातल्या केंद्रावरून देता येतात. जानेवारी २०२७ ची बैठक धरायची. एसक्यूई २ मध्ये १२ लेखी आणि ४ तोंडी कामे असतात. तोंडी फक्त इंग्लंड-वेल्समध्येच होतात, त्यामुळे एप्रिलच्या बैठकीसाठी प्रवास आणि व्हिजिटर व्हिसाचा खर्च धरावा लागतो. सहा वर्षांत तीन प्रयत्न एसआरए देते, पण अनेक फर्म्सच्या ऑफरपत्रात पहिल्याच प्रयत्नाची अट असते; सही करण्याआधी ती ओळ शोधावी. निकालावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये: जानेवारी २०२४ च्या एसक्यूई १ मध्ये गुणांच्या गणनेतल्या चुकीमुळे १७५ जणांना नापास म्हणून कळवले गेले होते, ते प्रत्यक्षात पास होते.

ट्रेनिंगच्या दोन वर्षांसाठी लागणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी फर्मकडे प्रायोजनाचा परवाना हवा. पगाराची सर्वसाधारण मर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. व्यावसायिक पात्रतेकडे वाटचाल करणाऱ्या ‘नव्या प्रवेशकां’ना ३३,४०० पुरतात. लंडनच्या मोठ्या फर्म्समध्ये हा प्रश्न येत नाही. छोट्या शहरातल्या छोट्या फर्मचा ट्रेनी पगार मात्र याखाली असू शकतो, आणि तिथे अर्ज करण्यात घालवलेला आठवडा फुकट जातो. नव्या प्रवेशकाची सवलत एकूण चार वर्षांची असते आणि तिच्यात ग्रॅज्युएट व्हिसाचा काळ धरला जातो. तिची दोन अधिक ट्रेनिंगची दोन, म्हणजे नेमकी चार. पात्र होताच पूर्ण मर्यादेचा पगार लागेल.

व्हिसाचा अर्ज रुजू होण्याच्या तारखेआधी तीन महिन्यांपेक्षा लवकर करता येत नाही, म्हणजे जून २०२७. भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जायचे तर मान्यताप्राप्त केंद्रातला क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो. तो सहा महिने चालतो, तेव्हा मे महिन्यात काढला की पुरतो. इंग्रजीची परीक्षा मात्र नको. लंडनची एलएलएम तेवढ्याला पुरावा म्हणून चालते.